कालचा शब्द आज चालत नाही

मित्रांनो, माझ्या पोटावर एक टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलो तर समजा, मी अजून धड आहे. बद्द वाजलो तर समजा, कुठेतरी तडा गेला. मातीचा, तपकिरी, मध्ये फुगलेला आणि बुडाशी निमुळता असा मी रांजण सोल्मे गावातल्या एका घराच्या मागच्या अंगणात, दगडी ओट्यावर उभा आहे. आजूबाजूला माझी भावंडं आहेत. कुणाच्या पोटात मिरचीचं वाटण आहे, कुणाच्या पोटात मीठ. सगळ्यांत म्हातारा मी. म्हाताऱ्यांना बोलायची खोड असते, ती मलाही आहे. पण मला तोंड आहे आणि वाचा नाही, हे माझं जन्माचं दुखणं.

मला घडवलं एका बुटक्या, तापट कुंभाराने. नदीकाठची चिकणमाती तुडवून त्याने तिच्या वळकट्या केल्या, त्या एकावर एक चढवल्या, आणि आतून गोटा धरून बाहेरून थापी मारत मारत मला पोट दिलं. राखेच्या पाण्यात आंघोळ घातली. मग भट्टी. तिच्याबद्दल मी फार बोलत नाही. आत गेलेले सगळे बाहेर आले नाहीत, एवढंच सांगतो. मी बाहेर आलो तेव्हा त्याने माझ्यात पेटता पेंढा टाकला, मला पालथं घातलं आणि कुठून धूर निघतो का ते बघितलं. धूर निघाला नाही. पण वारा तेवढा आतबाहेर करील अशी बारीक, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं माझ्या अंगाला आहेत. मी श्वास घेतो, मित्रांनो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी या घरात आलो तो जांगसाठी. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा थापून पेंढ्याने बांधून टांगायच्या, बुरशी धरली की खाऱ्या पाण्यात कोळशाबरोबर भिजत घालायच्या, आणि मग जो काळा खारा रस निघतो तो मुरवायचा, तो आमचा जांग. त्याच्याशिवाय इथे चूल पेटत नाही. दरवर्षीचा नवा जांग धाकट्या रांजणात मुरतो, आणि पावसाळ्याआधी त्यातला थोडा माझ्या पोटातल्या जुन्यात ओततात. मी कधीच रिकामा झालो नव्हतो. माझ्या तळाशी मिठाचे काळेभोर खडे जमले आहेत, आणि त्यांत या घरातल्या आजेसासवांच्या हातचं काही ना काही अजून आहे.

या घराची एक रीत होती. गावात दुसऱ्या कुठल्याही घरी ती नव्हती, आणि गाव तिला हसायचं. घरच्या सुनेने रोज सकाळी माझं झाकण काढायचं, करंगळी बुडवून चाटायची, आणि आज चव कशी आहे ते मोठ्याने सांगायचं. अट एकच. काल म्हटलेला शब्द आज चालत नाही.

मी ज्या सुनेची गोष्ट सांगणार आहे तिला गाव ओक्दोंगकरीण म्हणतं, कारण तिचं माहेर ओक्दोंग. इथे बायकांना माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. लग्न होऊन आली तेव्हा ती अगदी पोर होती. पहिल्या दिवशी चाटून म्हणाली, "खारट." दुसऱ्या दिवशी करंगळी तोंडात धरून नुसती उभी. खारट तर संपला होता! डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. तेव्हा तिची सासू म्हणाली, "जिभेला विचार. जीभ गप्प बसली तर नाकाला विचार. तेही मुकं असेल तर टाळूला, घशाला, दातांना विचार. एवढी सगळी माणसं तोंडात ठेवून तू एकटी कशी?"

आणि मग तिला शब्द सापडू लागले. तुरटसर. खमंग. चरचरीत. थंडीत "आज घट्ट आहे, ओठ मिटून बसलाय." उन्हाळ्यात "उन्हाळलाय." पाऊस यायच्या आधी "दमट, जिभेला चिकटतोय." एकदा तर ती मला "रुसका" म्हणाली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी रुसलोच होतो, कारण आदल्या संध्याकाळी झाकण तिरकं राहिलं होतं. शब्द सापडला की ती ताबडतोब काहीतरी करायची. दमट म्हटलं की ऊन दाखवायची. उग्र म्हटलं की कोळसा बदलायची. चव सांगता आली म्हणूनच तिला ती राखता आली. बाळंतिणीला पाजतात त्या समुद्रशेवाळाच्या सुपासाठी वाटीभर जांग मागायला बायका डोंगरापलीकडून यायच्या, आणि ओक्दोंगकरीण वरून साधेपणाने "कसला मेला आमचा जांग" म्हणत आतून फुलून जायची. तीही फुलायची आणि मीही.

तिचा नवरा गेला, केस पांढरे झाले, मुलगा सांगमिन पर्सिमनच्या केशरी फळांची बाग बघू लागला. गावात मुली उरल्या नव्हत्या, सगळ्या शहरात. मग सांगमिन लांबून, व्हिएतनामहून बायको घेऊन आला. तिचं नाव क्वेन. तिला गाव व्हिएतनामकरीण म्हणू लागलं. एवढ्या मोठ्या देशात तिचं गाव कुठलं, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. जेवायला सांगमिनची आत्या आली होती. आत्याबाईंचं सासर गावातच, दोन गल्ल्या टाकून, त्यामुळे माहेरच्या स्वयंपाकघरावर त्यांची नजर कायम. क्वेनने मुळ्याच्या सुपाचा घोट घेतला, नाक मुरडलं, आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "आई, हे... ओली जमीन. ओली जमीन वास."

आत्याबाई चमचा टाकून हसल्या. "ऐका! सून आली आणि तुमच्या सुपात चिखल निघाला, वहिनी!"

ओक्दोंगकरणीचा चेहरा लालबुंद झाला. पाहुण्यांदेखत अपमान. ती क्वेनला म्हणाली, "मोठ्यांच्या ताटातल्याला नावं ठेवायची नसतात. विचारलं तर म्हणायचं, 'छान आहे, आई.' म्हण बघू."

"छान आहे, आई."

"हां. तेवढं पुरे."

मित्रांनो, मुळ्याला खरोखरच ओल्या जमिनीचा वास असतो. ती पोर रीत न सांगताच रीतीप्रमाणे बोलली होती. अंगणात उभ्याउभ्या मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, ओक्दोंगकरणी, तू हे काय केलंस?

त्यापुढे क्वेन सगळ्याला छान म्हणू लागली. भात छान, थंडी छान, आत्याबाईंचे टोमणेही छान. झाकणाला तिला हात लावू देत नव्हते. "आधी तोंडात शब्द येऊ देत," ओक्दोंगकरीण म्हणायची. आणि शब्द यावेत कुठून? बोलायची तर सोयच ठेवली नव्हती.

मग त्या हिवाळ्यात ओक्दोंगकरणीला ताप आला. बरेच दिवस ती अंथरुणाला खिळून होती. ताप गेला, पण रिकाम्या हाताने गेला नाही. पहिल्या दिवशी ती काठी टेकत ओट्यावर आली, झाकण काढलं, करंगळी चाटली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. पुन्हा चाटली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "खमंग."

दुसऱ्या दिवशीही खमंग. तिसऱ्या दिवशीही खमंग.

मला थंडीपेक्षा जास्त गारठा त्या शब्दाने भरला. जिने आयुष्यभर कालचा शब्द आज उचलला नाही, ती तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरत होती, जशी आंधळी बाई ओळखीची भिंत चाचपते. तिचं नाक गेलं होतं, आणि नाकापाठोपाठ जीभही. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कसं? या घरात तिची सारी किंमत त्या करंगळीच्या टोकावर होती, असं तिला वाटायचं. ते खरं नव्हतं, पण तिला वाटायचं.

असं झाल्यावर तिने अचानक क्वेनला ओट्यावर बोलवायला सुरुवात केली. "चाट. सांग, कसा आहे?"

"छान आहे, आई."

"छान काय छान? नीट सांग."

क्वेन घाबरून बघायची. हीच बाई छान म्हणायला लावते आणि छान म्हटलं की ओरडते. "खूप छान आहे, आई."

लोकांना वाटायचं, सासू परीक्षा घेतेय. परीक्षा कसली! ती भीक मागत होती, मित्रांनो, आणि भिकेचा आव मात्र परीक्षेचा होता.

वसंतात पाइनच्या झाडांचे पिवळे पराग उडतात आणि सगळे रांजण हळदीने माखल्यासारखे होतात. रोज पुसावे लागतात. सांगमिनला आईची दया आली. त्याने बाजारातून जाड प्लास्टिक आणलं आणि नव्या जांगच्या धाकट्या रांजणाला तोंडापासून बुडापर्यंत गुंडाळून वरून रबर करकचून बांधलं.

"आता रोज उघडायला नको, आई. धूळ नाही, किडा नाही, पाऊस नाही. आराम कर."

पूर्वीची ओक्दोंगकरीण असती तर तिने त्याला चुलीतलं लाकूड घेऊन अंगणभर पळवलं असतं. रांजणाचा गळा आवळतोस, मेल्या! पण ती म्हणाली, "बरं." रोज झाकण काढायचं, रोज काहीच कळायचं नाही, ते तिला नको झालं होतं. मी बघत राहिलो. माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ प्लास्टिकच्या आत घामाघूम होत होता. त्याला कण्हता येत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला. नवा जांग जुन्यात ओतायचा दिवस ठरला. त्या दिवशी हमखास येणाऱ्या आत्याबाई आल्या, बाकावर ऐसपैस बसल्या. सांगमिनने प्लास्टिक सोडलं आणि तो बागेत निघून गेला. धाकट्याचं झाकण निघालं आणि जो भपकारा आला, त्याने मी शहारलो. ओक्दोंगकरीण त्याच्यावर वाकून शांतपणे उभी होती. तिला काही म्हणजे काही आलं नाही. आत्याबाई वाऱ्याच्या उलट्या बाजूला होत्या.

"क्वेन, चाट. सांग."

क्वेनने चाटलं. तिचे खांदे आखडलेले मी पाहिले. पण तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, कारण ती पुढे स्वतःच बोलली. तिच्या माहेरी आई मासे मिठात मुरवायची. त्या मुरण्यात मधे एक वेळ अशी येते की अंगणात उभं राहवत नाही, आणि आई म्हणते, थांब, हे असंच असतं. इथेही तसंच असेल का? आणि नसेल तर ते म्हणायचं कसं? शब्दच नव्हता. बाकावर आत्याबाई गालात हसत टपून बसल्या होत्या.

"बोल ना गं," आत्याबाई म्हणाल्या. "आज काय निघालं? चिखल की शेण?"

क्वेनने मान खाली घातली. "छान आहे, आई."

ओक्दोंगकरणीने सुस्कारा सोडला, पळी उचलली, आणि तो जांग माझ्यात ओतला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मी कुणाला सांगू नये. माझ्या पोटात किती पिढ्यांची ऊब होती. तिच्यात ते आंबूस, गढूळ, चिकट पाणी उतरलं आणि पसरत गेलं. वर पांढरी साय धरली. ओक्दोंगकरणीने ती डोळ्यांनी पाहिली, कारण डोळे अजून होते. "उन्हाने बसेल," असं स्वतःला सांगत तिने ती काढून टाकली. पण मग पाऊस लागला आणि ऊन आलंच नाही.

ओक्दोंगकरणीच्या सासऱ्यांचं, म्हणजे आत्याबाईंच्या वडलांचं, श्राद्ध पावसाळ्यातच येतं. दिवेलागणीला नैवेद्य झाला, सगळे जेवायला बसले. माशाचं सूप माझ्या जांगचं. आत्याबाईंनी एक चमचा तोंडात घेतला आणि चमचा खाली ठेवला. त्यांनी तो आपटला नाही, हळूच ठेवला. त्याचंच मला जास्त वाटलं.

"वहिनी, हा आपला जांग नाही."

आत्याबाईंनी वाटी पुढे सरकवली.

"माझ्या वडलांच्या श्राद्धाला, माझ्या भावाच्या श्राद्धाला मी हाच जांग खाल्ला. हा तो नाही." त्यांचा आवाज चढला. "घर बुडायचं असलं की आधी जांगची चव फिरते म्हणतात. झाकणाला कुणाचा हात लागतोय हल्ली? परक्या पोरीला काय कळणार! तिला सगळंच छान!"

सांगमिन म्हणाला, "आत्या, तिचा काय दोष?"

"मग कुणाचा? तुझ्या आईचा? जिच्या जिभेला अख्खा तालुका मानतो, तिचा?"

आता ती बोलेल, असं मला वाटलं. आता तरी सांगेल. ओक्दोंगकरीण मान खाली घालून ताटातला भात एकीकडून दुसरीकडे करत राहिली. मला तिचा राग आला, मित्रांनो. इतकी वर्षं मी तिच्यावर जीव टाकला, पण त्या संध्याकाळी मला तिचा राग आला. क्वेन मोरीत भांडी घासत होती, नळ मोठा सोडून.

आत्याबाई उठता उठता म्हणाल्या, "म्हातारा रांजण माझ्या आजीचा आहे. उद्या हातगाडी घेऊन येते. माझ्या अंगणात राहील. निदान जे उरलंय ते तरी वाचेल. आणि हिने पुन्हा झाकणाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

सकाळी पाऊस थांबला होता. सगळ्यांच्या आधी क्वेन ओट्यावर आली. तिने झाकण काढलं, माझ्या तोंडावर वाकली आणि बोलू लागली. तिच्या भाषेत. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण केवढे ते शब्द! कधी ओठांवर फुटणारे, कधी नाकातून घरंगळणारे, वर चढणारे, खाली उतरणारे. वास घ्यायची आणि बोलायची, चाटायची आणि बोलायची, रडायची आणि बोलायची. जिला सगळे मुकी समजत होते तिच्या पोटात पोती भरून शब्द होते. फक्त या अंगणात त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

मागे काठी वाजली.

"काय म्हणालीस?" ओक्दोंगकरणीने विचारलं.

"काही नाही, आई."

"एवढा वेळ काही नाही बोलत होतीस? कसा आहे वास, ते सांग."

"छान आ..."

"पुन्हा छान म्हणालीस तर जीभ हासडून हातात देईन!" आणि असं म्हणता म्हणता त्या खमक्या बाईचा आवाज फाटला. ती ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. "मला नाही गं येत वास. तापात गेलं सगळं. भात खाते तो कागद खाल्ल्यासारखा लागतो. तू म्हणालीस छान, म्हणून मी ओतलं."

क्वेन बघतच राहिली. मग तीही पायरीवर बसली. ती म्हणाली, "छान नव्हतं, आई. मला माहीत होतं. शब्द नव्हता."

"आता सांग. शब्द नसला तर वस्तू सांग."

क्वेनने डोळे मिटले. "माझ्या गावी... नदी घरात येते. मग जाते. सगळं वाळतं. पण एक गोधडी, कोपऱ्यात, कुणी बघत नाही. ती नंतर सापडते. तो वास."

"कुबट," ओक्दोंगकरीण म्हणाली. "म्हण, कुबट."

"कुबट. आणि जिभेच्या कडेला... पितळेची वाटी. जुनी. त्यात आंबट राहिलं."

"कळकलेलं. अगदी बरोबर. पुढे?"

"घशात ओरखडा नाही. घसरतं."

"बुळबुळीत. अरे देवा." म्हातारीने कपाळाला हात लावला. "संपलंच म्हणायचं. आणि खाली? पळी पार तळाला घाल. तळाशी काय आहे?"

क्वेनने पळी खोल घातली. माझ्या तळाचा एक खडा पळीला लागून खर्रकन वाजला. तिने तो वर काढला, निथळला, चाटला. आणि खरं सांगतो, माझा श्वास अडकला, कारण माझ्याकडे जे काही उरलं होतं ते सगळं त्या खड्यात होतं.

"इथे वेगळं," क्वेन हळूहळू म्हणाली. "इथे कुबट नाही. चूल विझली. राख गरम. राखेत रताळं विसरलं. साल काळी. ती साल."

ओक्दोंगकरणीच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळू लागलं. "खरपूस," ती म्हणाली. "माझी सासू गेली त्या दिवशी मी हाच शब्द म्हटला होता. त्यानंतर कधी वापरला नाही, राखून ठेवला होता. खरपूस."

"खरपूस," क्वेन म्हणाली. "आई, खाली अजून खरपूस आहे."

तेवढ्यात खडखडत हातगाडी आली. आत्याबाईंनी दोरसुद्धा आणला होता. ओक्दोंगकरीण काठी टेकून उभी राहिली आणि माझ्यापुढे आली.

"वन्सं, दोर खाली ठेवा. जीभ माझी गेलीय. हिवाळ्यापासून मला मीठ आणि साखर वेगळी कळत नाही. चव मी बिघडवली, आणि काल तुम्ही हिला बोलत होतात तेव्हा गप्पही मीच बसले."

आत्याबाई आ वासून बघत राहिल्या. "वहिनी, तुम्ही? तुमची जीभ?"

"माझीच. आणि हिला छान म्हणायला कुणी शिकवलं? मी. पाहुण्यांदेखत लाज नको म्हणून. तुमच्यादेखत, वन्सं. पेरलं तेच उगवलं."

आत्याबाई काहीतरी खवचट बोलतील असं मला वाटलं. पण त्या हातगाडीच्या दांड्यावरच टेकल्या. "सांगायचंत तरी," त्या पुटपुटल्या. "मी काय तुम्हाला हसले असते?"

"हसला असतात."

"हो," आत्याबाई म्हणाल्या, "हसले असते खरी." आणि पदर खोचावा तशा बाह्या सारून त्या उठल्या. "चला. रिकामा करायचा ना? एकटीला झेपणार नाही तुम्हाला."

त्या दिवशी मी पहिल्यांदा रिकामा झालो. तिघींनी मला कलता केला आणि माझं सगळं आयुष्य अंगणातल्या नाल्यातून वाहून गेलं. सांगमिन प्लास्टिकची घडी हातात घेऊन दारात उभा होता. त्याला कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला लागलं. तळाचे खडे मात्र क्वेनने हाताने खरवडून एका वाडग्यात ठेवले. मी उन्हात पालथा पडून राहिलो. कुणी टिचकी मारली तर पोकळ वाजायचो.

हिवाळ्यात पुन्हा सोयाबीन शिजलं. विटा टांगल्या, भिजल्या, नवा जांग माझ्यात आला आणि ते खडे त्यात सोडले. आत्याबाईंनी पांढऱ्या कागदाचा मोजा कापून माझ्या पोटावर उलटा चिकटवला, म्हणजे किडा आणि वाईट नजर त्याच्यात शिरून अडकून बसते. "दोन चिकटवा," ओक्दोंगकरीण म्हणाली, "एक तुमच्या नजरेसाठी." यावर दोघी हसल्या.

जुनी चव परत आली का? नाही, मित्रांनो. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. जे वाहून गेलं ते गेलं. खड्यांनी नव्या जांगला आपला थोडा स्वभाव दिला, पण त्याला मुरायला जेवढा काळ लागेल तेवढा ओक्दोंगकरणीकडे नाही, हे तिलाही ठाऊक आहे.  ओट्याच्या पायऱ्या चढवत नाहीत, सांगमिन तिला उचलून आणतो. कधी कधी तिला सकाळ आहे की संध्याकाळ हेही कळत नाही.

पण रोज ती इथे येऊन बसते. क्वेन झाकण काढते, करंगळी चाटते आणि सांगते. घासलेल्या दगडासारखा. चुरचुरीत. कोवळा, पण हट्टी. शब्द अडला की ती वस्तू सांगते, आणि म्हातारी आपल्या आठवणींच्या कोठारात जाऊन शब्द शोधून आणते. कधी म्हातारीलाही सापडत नाही, मग क्वेन आपल्या भाषेतला शब्द ठेवून देते आणि तो या घरचा होऊन जातो. कालचा शब्द आज चालत नाही, हे मात्र दोघी कटाक्षाने पाळतात. गेल्या श्राद्धाला कुणी पाहुण्याने "व्हिएतनामकरीण कुठे आहे?" असं विचारलं, तेव्हा ओक्दोंगकरीण ताठ बसून म्हणाली, "तिचं गाव आन्थान. आमची आन्थानकरीण ओट्यावर गेलीय. या घराची जीभ आता तिच्याकडे आहे."

आज सकाळचीच गोष्ट. क्वेनने करंगळी बुडवली, एक थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि दुसरा सासूच्या. म्हातारीने डोळे मिटले. तिला काही लागलं नाही, हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे.

"सांग," ती म्हणाली.

क्वेन तिच्या कानाशी वाकली. "आधी मीठ येतं, पण घाई करत नाही. मग दाणा भाजल्याचा वास, लांबून, शेजारच्या घरून आल्यासारखा. मग थोडं तुरट, पर्सिमनच्या सालीएवढं. आणि अगदी शेवटी, आई, सगळं गिळून झाल्यावर..."

"खरपूस?"

"थोडासा. धुगधुगी आहे."

म्हातारीने तो थेंब गिळला, ओठांवरून जीभ फिरवली. "थांब," ती म्हणाली. "लागतंय. परत सांग."

मित्रांनो, मी आता किती वर्षं खणखणीत वाजेन ते सांगता येत नाही. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, ती घेणारी मला मिळाली आहे. मी मागतो ते वेगळं आहे. तुमच्या घरी कुणी विचारलं, आमटी कशी झाली, बाहेर हवा कशी आहे, आंबा कसा निघाला, तर नुसतं छान म्हणून पळू नका. क्षणभर थांबा, जिभेला विचारा, नाकाला विचारा, आणि कालचा नसलेला एक शब्द शोधून त्यांच्या हातावर ठेवा. विचारणारं माणूस तुमची परीक्षा घेतंय असं तुम्हाला वाटेल. पण कुणी सांगावं, ते तुमच्याच जिभेने जेवत असेल.